सहा फ्लॅटवाल्याचा कर भाडेकरूच्या गळ्यात?

चार-पाचपेक्षा जास्त फ्लॅट भाड्याने देणाऱ्यांवर जादा कर बसवा आणि तो पैसा परवडणाऱ्या घरांना द्या, असं कुणी म्हटलं की सोसायट्यांच्या ग्रुपवर ठरलेला मेसेज फिरतो: कर शेवटी भाडेकरूच भरणार, मालक आधीच करांनी पिचलेत, अशाने भाड्याची घरंच मिळेनाशी होतील.

पहिला मुद्दा सगळ्यात पटणारा, म्हणून तोच नीट बघू. भाडं मालकाच्या खर्चावरून ठरत असतं, तर २०२० मध्ये पुण्याच्या वाकड-हिंजवडीत ते उतरलंच नसतं. आयटीवाले गावी गेले, फ्लॅट ओस पडले, मालकांनी मुकाट भाडी कमी केली. मेंटेनन्स आणि घरपट्टी काही कमी झाली नव्हती. ऑफिसं उघडल्यावर त्याच फ्लॅटची भाडी चढली, तीही घरपट्टीमुळे नाही. बाजार देईल तेवढं मालक आजच घेतोय. ११ महिन्यांच्या करारात पुढची वाढसुद्धा आधीच टाईप केलेली असते. शिवाय शेजारच्या बिल्डिंगमधल्या, एकच फ्लॅट भाड्याने दिलेल्या निवृत्त काकांना हा कर लागणारच नाही. सहा फ्लॅटवाल्याने दोन हजार चढवले तर भाडेकरू काकांचं घर बघायला जाईल. जिथे घरांचीच टंचाई आहे तिथे थोडा भार खाली येईल, हे मान्य. सगळाच्या सगळा येईल, हे नाही पटत.

आता पिचलेले मालक. पाच फ्लॅटचं मिळून महिना दीड लाख भाडं धरा, म्हणजे वर्षाला १८ लाख. भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेवर आयकरात सरसकट ३० टक्के वजावट मिळते, एकही पावती न दाखवता. म्हणजे पाच लाखांच्या आसपास रकमेवर करच नाही! कर्जाचं व्याज वेगळं. नव्या करप्रणालीत पगारदाराला अशी सरसकट (प्रमाणित) वजावट मिळते ती फक्त ७५ हजार. एक तक्रार मात्र रास्त आहे: पुणे महापालिकेची घरपट्टीतली ४० टक्के सवलत स्वतः राहणाऱ्यालाच मिळते, घर भाड्याने दिलं की जाते. पण ती काकांचीही जाते. मग काकांना सवलत द्या की.

घरं मिळेनाशी होतील म्हणे. फ्लॅट विकला तर घेणारा त्यात राहील नाहीतर भाड्याने देईल. कुलूप लावून ठेवायचा धोका आहे, म्हणून रिकाम्या घरालाही कर हवा. कॅनडातल्या व्हँकुव्हरने २०१७ पासून तसा लावलाय आणि त्याचा पैसा परवडणाऱ्या घरांकडे वळवलाय.

खरी अडचण मेसेजमध्ये नाहीच. एक फ्लॅट बायकोच्या नावावर, दुसरा मुलाच्या, तिसरा सुनेच्या. मोठा मालक कागदावर दिसणार कसा? १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने लीव्ह-लायसन्स करार नोंदवणं सक्तीचं आहे, घरपट्टीच्या यादीत मालकांची नावं आहेत. या दोन याद्या जुळवून कुटुंब हे एकक धरावं लागेल. इमारतींवरचा कर हा राज्यसूचीतला, म्हणजे घटनेने राज्यांकडे दिलेला विषय, तेव्हा महापालिकेच्या ठरावाने भागणार नाही, विधिमंडळातच कायदा करावा लागेल. आणि जमा रक्कम वेगळ्या निधीत ठेवायची अट त्याच कायद्यात हवी, नाहीतर ती रस्त्यांच्या डांबरात जाणार.