बोटीवरचं आजारपण लपवू नका: त्या मेसेजला उत्तर

गेल्या रविवारी बहिणीचा फोन आला. तिचा धाकटा मुलगा टँकरवर मोटरमन, म्हणजे इंजिन रूममधला खलाशी आहे. इंजिन रूमच्या शिड्या चढताना त्याला धाप लागते, छातीत दडपल्यासारखं होतं. नऊ दिवस हे चाललं होतं आणि बोटीवर त्याने एकाही माणसाला सांगितलं नव्हतं. मी त्याला मेसेज करून कारण विचारलं, तर उत्तर म्हणून त्याने एक फॉरवर्ड पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘मामा, आईला सांगू नको.’

‘अनुभवी खलाशाचा सल्ला’ अशा नावाने हा फॉरवर्ड सध्या कोकणातल्या निम्म्या ग्रुपांवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. एक, कंपनी फक्त अपघाताचे पैसे देते, आजार हा तुमचा खाजगी मामला. दोन, साइन ऑनच्या, म्हणजे बोटीवर रुजू होतानाच्या मेडिकलला बीपी-साखर सांगू नका, आणि बोटीवर काही झालं तर कॅप्टनला कळू देऊ नका, नाहीतर काळ्या यादीत जाल. तीन, गुपचूप कॉन्ट्रॅक्ट पूर्ण करा, घरी येऊन १२० दिवस बसा, पूर्ण अपंगत्वाची भरपाई आपोआप मिळते. चार, कंपनी जे देईल ते घेऊन सही करा, नंतर काही मिळत नाही. पाच, बोटीचा झेंडा परदेशी, म्हणजे तिची नोंदणी दुसऱ्या देशात, त्यामुळे इथे बसून काहीच करता येत नाही.

पहिला आणि तिसरा मुद्दा शेजारी ठेवून वाचा. आजाराचे पैसे मिळतच नसतील तर १२० दिवसांनी आपोआप कसले मिळणार? मेसेज पुढे ढकलण्याआधी कोणी एवढंही पाहिलं नाही.

मी बावीस वर्षं बोटीवर काढली, शेवटची आठ बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम म्हणून. वकील नाही. पण एमएलसी, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २००६ चा समुद्री कामगार करार, प्रत्येक बोटीवर ठेवावाच लागतो आणि मी तो वाचलेला आहे. भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला, ९ ऑक्टोबर २०१६ पासून तो आपल्याला लागू आहे. त्यातला ४.२ हा नियम प्रत्येक खलाशाने एकदा तरी वाचावा. कामावर रुजू झाल्यापासून रीतसर घरी पोचेपर्यंत जो आजार होईल, त्याच्या उपचाराचा खर्च मालकाचा, असं तिथे सरळ लिहिलंय. आजार आणि इजा हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात आहेत. आजारी माणूस बोटीवर आहे किंवा घरी पोचायचा आहे तोवर पूर्ण पगार. त्यानंतर बरा होईपर्यंत पूर्ण किंवा काही भाग, देशाच्या कायद्याप्रमाणे किंवा युनियनच्या कराराप्रमाणे. देश या जबाबदारीला मर्यादा घालू शकतो, पण ती १६ आठवड्यांच्या खाली आणता येत नाही.

हे काही आजकालचं नाही. मध्ययुगात फ्रान्सच्या किनाऱ्यावर चालणाऱ्या ओलेरोनच्या नियमांतही लिहून ठेवलंय की खलाशी आजारी पडला तर त्याला किनाऱ्यावर उतरवा, राहायला जागा द्या, उजेडाला मेणबत्ती द्या आणि शुश्रूषेला एक माणूस द्या. ‘आजार हा खाजगी मामला’ हे दर्यावर कधीच मानलं गेलेलं नाही.

एक गोष्ट मात्र कबूल करतो. उपचार आणि पगार एक, आणि कायमच्या अपंगत्वाची भरपाई दुसरी. पहिल्यासाठी आजार कामामुळेच झाला हे दाखवावं लागत नाही, काम चालू असताना झाला एवढं पुरतं. दुसरीसाठी एमएलसीची भाषा कामातून आलेल्या इजेची, आजाराची आणि धोक्याची आहे, आणि रक्कम ठरते ती तुमच्या करारावरून. हात मशीनमध्ये सापडला तर वाद नसतो. हृदयाचा, मणक्याचा, किडनीचा आजार असेल तर कंपनी म्हणते, हा तर घरूनच आणला होता. भांडण होतं ते इथे, आणि आजारपणाचा दावा अवघड असतो हे खरं आहे.

पण मग तो दावा टिकतो कशावर? कागदावर. अमुक तारखेला अमुक त्रास सुरू झाला, सेकंड मेटने, म्हणजे डेकवरच्या एका अधिकाऱ्याने बीपी मोजला, कॅप्टनने रेडिओवरून डॉक्टरचा सल्ला घेतला, पुढच्या पोर्टला तपासणी झाली. बोटींना रेडिओवरून फुकट वैद्यकीय सल्ला देणारं रोममधलं केंद्र १९३५ पासून चालू आहे, म्हणजे भर समुद्रात डॉक्टर कुठला हे कारण नव्वद वर्षांपूर्वीच संपलं. पोर्टला बोट लागली की शक्य असेल तिथे डॉक्टरकडे विनाविलंब जाणं हा तुमचा हक्क आहे, कॅप्टनची मेहरबानी नव्हे. यातली प्रत्येक नोंद उद्या तुमच्या बाजूने बोलते. आणि हा मेसेज तुम्हाला काय सांगतो? यातली एकही नोंद होऊ देऊ नका!

मेडिकलला लपवण्याचं तर त्याहून वाईट. मालकाची जबाबदारी कशाने सुटू शकते याची यादी एमएलसीमध्ये आहे आणि ती फक्त तीन कारणांची आहे. इजा बोटीच्या कामाबाहेर झाली असेल, माणसाने मुद्दाम गैरवर्तन केलं असेल, किंवा नोकरीला लागताना आजार जाणूनबुजून लपवला असेल. मेडिकलच्या आदल्या दिवशी गोळी घेऊन साखर उतरवणारा माणूस हे तिसरं कारण स्वतःच्या हाताने कंपनीला लिहून देतो. आमच्या गावच्या एका चीफ कुकचं हेच झालं. दहा वर्षांचा मधुमेह, प्रत्येक मेडिकलला लपवलेला. बोटीवर पायाला जखम झाली, चिघळली, तेही लपवलं. पाय घोट्यापासून गेला. कंपनीच्या वकिलाने गावातल्या मेडिकल स्टोअरची जुनी बिलं काढून समोर ठेवली आणि प्रकरण तिथेच बसलं. त्याने लपवलं नसतं तर साखर आटोक्यात ठेवून, डॉक्टरच्या परवानगीने तो कदाचित बोटीवर गेला असता, कदाचित नसता गेला. पाय राहिला असता.

काळ्या यादीबद्दल. खलाशाला नोकरी मिळू नये म्हणून यादी ठेवायला भरती एजंटांना एमएलसीने स्पष्ट मनाई केली आहे. तरीही आजारी पडून आलेल्या माणसाचा फोन ऑफिसात उचलला जात नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय, नाही म्हणणार नाही. ही भीती खोटी नाही. पण मेसेजवाला त्या भीतीवर छातीतली कळ गिळण्याचा उपाय सांगतो, आणि त्यात माणूस मरतो.

१२० दिवसांची गोष्ट फिलिपिन्सची आहे. तिथल्या खलाशांच्या सरकारी करारात आणि कोर्टाच्या निकालांत १२० दिवसांचा आकडा येतो. पण तिथेही आता ‘आपोआप’ काही नाही. २००८ मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पुढे उपचारांची गरज असेल तर मुदत २४० दिवसांपर्यंत जाते. कंपनीच्या आणि खलाशाच्या डॉक्टरचं पटलं नाही तर दोघांनी मिळून तिसरा डॉक्टर निवडायचा. आणि घरी पोचल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कंपनीच्या डॉक्टरसमोर हजर व्हायचं, नाहीतर हक्क जाऊ शकतो. म्हणजे मेसेजमधला बेत खुद्द फिलिपिनो खलाशाने केला तरी फसेल. रत्नागिरीच्या पोराला तो कोणत्या आधारावर सांगताय? आपल्याकडे तुमचा स्वतःचा करार आणि युनियनचा करार काय म्हणतो ते बघावं लागतं. आणि साइन ऑफच्या, म्हणजे बोटीवरून उतरतानाच्या कागदावर कारण काय लिहिलंय ते सहीआधी वाचा. ‘कॉन्ट्रॅक्ट पूर्ण’ किंवा ‘स्वतःच्या विनंतीवरून’ असं असेल आणि तुम्ही आजारी म्हणून उतरत असाल, तर ते बदलून मागा.

चौथा मुद्दा सरळ चुकीचा. करारात ठरलेल्या रकमेपेक्षा कमी घेण्यासाठी दबाव आणायला एमएलसीत बंदी आहे. अपंगत्व किती हे लगेच ठरत नसेल तर हाल होऊ नयेत म्हणून मधल्या काळात पैसे द्यायचे असतात. आणि पैसे घेतले म्हणून बाकीचे कायदेशीर हक्क संपत नाहीत, मिळालेली रक्कम फारतर पुढच्यातून वजा होते.

पाचव्यावर फार वेळ घालवत नाही. असे झेंडे ज्यांचे असतात त्या पनामा, लायबेरिया, मार्शल आयलंड्स या सगळ्यांनी एमएलसी आपल्या आधी मान्य केलेला आहे. २०१७ पासून बोटीवर सगळ्यांना दिसेल अशा जागी विम्याचं सर्टिफिकेट लावावं लागतं आणि दाव्यासाठी कोणाशी बोलायचं त्याचा पत्ता त्यावर असतो. त्याचा फोटो काढून घरी पाठवून ठेवा. खलाशी स्वतः बोलू शकत नसेल तर घरचं माणूस थेट दावा करू शकतं. शिवाय ज्या एजंटमार्फत गेलात त्याचं लायसन्स डीजी शिपिंगकडचं, म्हणजे जहाज वाहतुकीच्या सरकारी खात्याचं, आणि ते ऑफिस मुंबईतच आहे.

भाच्याशी त्याच रात्री बोललो. बरंच ऐकवलं त्याला, नंतर वाईटही वाटलं. सकाळी त्याने सेकंड मेटला सांगितलं. बीपी १७०/११० निघाला. कॅप्टनने त्याला इंजिन रूमच्या वॉचवरून, म्हणजे पाळीवरून काढलंय आणि शुक्रवारी पोर्टला डॉक्टर ठरलाय. तपासणीच्या कागदाची प्रत हातात घेतल्याशिवाय क्लिनिकमधून निघायचं नाही, असं त्याला सांगून ठेवलंय. बहिणीलाही आता सगळं माहीत आहे, आणि सर्टिफिकेटचा फोटो तिच्या फोनमध्ये आहे.