चालते का रे ही?

पंचवटीची आत्या आली की माझ्या मॉडेल कारकडे बघून पहिला प्रश्न ठरलेला. "चालते का रे ही?" नाही चालत गं, आत्या. "मग सेल टाक ना!"

अहो, १९८८ची फॉर्म्युला वन रेसिंग कार, मॅक्लारेन एमपी४/४ आहे ही! त्या वर्षी १६ पैकी १५ शर्यती मारल्या होत्या तिच्या ड्रायव्हरांनी, आयर्टन सेना आणि अ‍ॅलन प्रॉस्टने मिळून. माझं मॉडेल १:२० मापाचं, म्हणजे खरीच्या विसाव्या हिश्शाएवढं, जेमतेम वीतभर. तिच्या होंडा व्ही-सिक्स इंजिनाला प्लगच्या सहा वायरी जोडायच्या म्हणून केसाएवढी तार चिमट्यात धरून, श्वास रोखून बसलो होतो. पाचवी लागली, सहावी टुणकन उडाली. रात्री साडेअकराला सिडकोतल्या वन बीएचकेच्या फरशीवर गाल टेकवून मोबाईलचा टॉर्च मारत होतो. सापडली दुसऱ्या दिवशी, आईच्या सुपलीत.

त्यात पावसाळा. जुलैत हवा अशी ओली की लॅकर मारला रे मारला, वर पांढरट धुरकटपणा. घासा, परत मारा. तिसऱ्यांदा लाल रंग नीट बसला तेव्हा देवापुढे साखर ठेवली, खोटं नाही सांगत.

आणि हा आत्याचा नातू. "दे रे त्याला, दोन मिनिटं गप्प बसेल." बसला ना गप्प! मागचा विंग हातात घेऊन. वर आत्याच म्हणते, "एवढं काय तोंड पाडतोस? मेनरोडला दोनशेला मिळतात असल्या."

रविवारी परत येतेय. फेविक्विक घेऊन.