कोडीनचा पॉझिटिव्ह ‘खोटा’ नसतो

लघवीच्या ड्रग टेस्टवरच्या एका लेखात म्हटलंय की कोडीनच्या कफ सिरपने ‘खोटा पॉझिटिव्ह’ येतो; हे विधान चूक आहे. कोडीनचं काही प्रमाणात शरीरातच मॉर्फिन होतं, म्हणजे ओपिएट (अफूच्या गटातलं द्रव्य) लघवीत खरोखर असतं आणि जीसी-एमएसवरही (लॅबमधली खात्रीची चाचणी) दिसणारच. तिथे कामी येतं फक्त तारखेसकट प्रिस्क्रिप्शन. खोटा पॉझिटिव्ह म्हणजे लिव्होफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकमुळे ओपिएटचा किंवा लॅबेटॅलॉल या बीपीच्या गोळीमुळे अ‍ॅम्फेटामाइन या उत्तेजक ड्रगचा; तो जीसी-एमएसवर टिकत नाही.

बेलापूर-नेरूळला जहाजावरच्या नोकरीची मेडिकल देणाऱ्या पोरांनो, चालू औषधं नमुना देण्याआधीच फॉर्मवर लिहा. आणि ड्रग टेस्टच्या किटकडे स्वतः बघा: ‘सी’ची (कंट्रोलची) रेघ उमटलेली असताना ‘टी’ची (टेस्टची) फिकट असली तरी निकाल निगेटिव्ह, अजिबात नसेल तरच पॉझिटिव्ह. प्रेग्नन्सी किटच्या बरोबर उलट, म्हणूनच घाईत चुकीचं वाचलं जातं.