आमच्या घरात ते कधीच झालंय

माणूस आणि यंत्र लवकरच एकजीव होतील, हे एका लेखातलं वाक्य वाचून हसू आलं. आमच्या मालवणच्या घरी ते कधीच झालंय! बाबांना पेसमेकर आहे, म्हणजे हृदयाचे ठोके नीट ठेवणारं छोटं यंत्र. शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर १९५८ सालचा, स्वीडनमधला. बाबा मोबाइल आजही पेसमेकरपासून लांब, उजव्या खिशात ठेवतात, डॉक्टरांनी बजावलंय म्हणून.

भावाचं स्मार्टवॉच मात्र निव्वळ गंमत. मनगटाला हिसका बसला की त्याला ते पाऊल वाटतं, त्यामुळे होडीत बसून जाळं ओढलं तरी पावलं वाढतात. (आई म्हणते, बसल्या जागी गोव्याक पोचलंस रे!) हिरव्या उजेडाने नाडी बघतं, पण खाली मासळीचे खवले चिकटले की काहीही आकडे दाखवतं. रात्री ते चार्जिंगला लागतं. बाबांची बॅटरी अजून काही वर्षं चालेल, असं गेल्या तपासणीत सांगितलंय.