आजीचं माहेरचं नाव कुणाला ठाऊक आहे?

घरातली सर्वांत वडीलधारी बाई नव्वदी ओलांडून गेली की आपल्याकडे वाद ठरलेला. तेराव्याला गावजेवण घालायचं, की तो पैसा शाळेला द्यायचा? परदेशातली नातवंडं बहुधा देणगीच्या बाजूने बोलतात. गावाकडचे म्हणतात, लांबून सल्ले देणं सोपं असतं. दोघांचंही पटण्यासारखं आहे, पण या भांडणात ती बाई कुठेच नसते.

इथे अमेरिकेत स्थानिक वर्तमानपत्रात मृत्युलेख छापतात. पैसे बहुधा घरचेच भरतात, पण त्यात तिचं जन्मगाव, माहेरचं आडनाव, शिक्षण, केलेली कामं असं सगळं येतं. आपल्या श्रद्धांजलीच्या चौकटीत फोटो, तारीख आणि खाली शोकाकुल मंडळींची रांग. मात्र श्राद्धात आई, आजी, पणजी अशा तीन पिढ्यांची नावं दरवर्षी उच्चारली जातात, आणि ही पद्धत मला इथल्या तासाभराच्या शोकसभेपेक्षा मोलाची वाटते. अडचण एकच: तिथेही गोत्र सासरचं आणि नावही सासरचंच. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावणं महाराष्ट्र सरकारने सक्तीचं केलं, हे उत्तमच झालं. नव्वदीतल्या आजीला त्याचा काय उपयोग? तिची नोंद घरच्यांनाच करावी लागेल, आणि ती असतानाच.

पुढच्या सुट्टीत गेलात की फोन विमान मोडवर टाका, ध्वनिमुद्रण सुरू करा आणि तिच्यापासून हातभर अंतरावर, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा. पंखा बंद करा, नाहीतर घरघरीत तिचा बारीक आवाज बुडतो. फरशीच्या मोकळ्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून गाद्या-कपाटांची खोली बरी. सकाळचा चहा-नाश्ता झाल्यावर अर्धा-पाऊण तास पुरे, पुढे ती थकते आणि “तुला काय सांगू?” यावर येते.

“तुझं आयुष्य सांग” म्हटलं की चार वाक्यांत संपतं. त्यापेक्षा माहेरच्या घराचा नकाशा विचारा: चूल कुठे, पाणी कुठून यायचं, झोपायचं कोण कुठे. सुना-मुलांची गर्दी नको. मोठा मुलगा शेजारी बसला की तो तिची वाक्यं पुरी करतो, आणि सासूबद्दलचं तर ती बोलतच नाही.

साल विचारू नका. शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख दिसली, तर ती गुरुजींनी अंदाजाने घातलेली असण्याची शक्यता मोठी. गांधीवधाच्या वेळी केवढी होतीस, पानशेत फुटलं (१२ जुलै १९६१) तेव्हा कडेवर कोण होतं, कोयनेच्या भूकंपाच्या (११ डिसेंबर १९६७) पहाटे कुठे होतात, ७२च्या दुष्काळात काय खाल्लंत, असं विचारलं की वयं आपोआप जुळतात. उत्तरं दोनदा वेगळी आली तर दोन्ही ठेवा.

गोडा मसाला “मूठभर धने” असा लिहून घेऊ नका, कारण तिची मूठ तुमची नव्हे. तिलाच मूठ घ्यायला सांगा आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ग्रॅममध्ये तोला. जात्यावरच्या ओव्या आठवत असतील तर म्हणवूनच घ्या. सांगायला लावल्या की चाल जाते, आणि चालीबरोबर पुढची ओळही.

जुन्या फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीने नावं लिहा, बॉलपेनचे वळ पुढच्या बाजूला उमटतात. ध्वनिमुद्रण व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा आणि एक प्रत गावाकडच्या नातवंडाच्या संगणकात ठेवा. फाइलच्या नावात तारीख घाला, तिचं नावही. माहेरचं.