‘कुठल्याबी पॉइंटला चालतंय’ म्हणे!

सिलिंडरची बोंब झाली की कोल्हापुरातल्या गल्लीगल्लीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर साधारण असा: ‘गॅसला रामराम करा. इंडक्शन घ्या, घरातल्या कुठल्याबी पॉइंटला चालतंय. मोठी पिन बसत नसेल तर कन्व्हर्टर लावा. तिसरी पिन नुसती आधाराला असते. एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा खटका) पडत असेल तर वरच्या नंबरचा घाला. वायरमनवर पैसे घालवू नका.’

इंडक्शन जरूर घ्या. पण त्यापुढचं एकही वाक्य धड नाही.

आधी तो ‘कुठल्याबी पॉइंट’. इंडक्शन उलटं करून खालचं स्टिकर वाचा. बहुतेकांवर 1800 ते 2100 वॅट लिहिलेलं असतं. घरात वीज येते 230 व्होल्टची. 2000 ला 230 नं भागलं की 8.7 अँपिअर येतात, आणि टीव्ही-चार्जरचा साधा सॉकेट असतो 6 अँपिअरचा. ‘अहो, पण मिक्सर चालतोय की त्याच्यावर!’ चालणारच. मिक्सर 500 ते 750 वॅटचा, म्हणजे दोन-तीन अँपिअर, आणि रश्श्याचा मसाला वाटून झाला की बंद. मटण मात्र तासभर रटरटतं. शिवाय वायरीतली उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणं वाढते, म्हणजे करंट दुप्पट तर उष्णता चौपट. 6 च्या जागी 8.7 अँपिअर गेले की ती दीडपट नव्हे, दुपटीच्या वर जाते.

पहिल्या दिवशी काहीच होत नाही, म्हणून तर मेसेज खरा वाटतो. मग हळूहळू पिन तपकिरी पडते, सॉकेटच्या भोकाभोवती पिवळट कडं धरतं, आतली पितळी पकड सैल होते आणि सैल झाली की अजून तापते. जळका वास फोडणीच्या वासात पटकन कळतही नाही. 1200 वॅटवर ठेवलं तर सव्वापाच अँपिअर होतात, हिशोबात बसतात, हे मान्य. पण दारात पाहुणे आल्यावर बटण वर न दाबणारा माणूस मला दाखवा.

कन्व्हर्टरनं करंट कमी होत नाही. जाड पिना लहान सॉकेटमध्ये घुसवायची ती सोय, बस्स. एक्स्टेन्शन बोर्डाचंही तेच. गुंडाळून ठेवलेली त्याची बारीक वायर तर आणखी तापते.

‘तिसरी पिन आधाराला’ हे वाक्य सगळ्यात घातक. ती अर्थची, म्हणजे जमिनीशी जोडलेल्या वायरीची पिन. मुद्दाम लांब ठेवलेली असते, म्हणजे लावताना आधी जोडली जाते आणि काढताना शेवटी सुटते. कॉइलची शेगडी, राइस कुकर यांची बॉडी धातूची असते. आत फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, सुटून बॉडीला चिकटला, तर करंट या पिनेतून जमिनीत जायचा. ती नसेल तर हात लावणाऱ्यातून जाणार. ‘इंडक्शनला काच असते, शॉक कुठनं बसणार?’ तडकलेल्या काचेवर दूध उतू गेलं की कळेल कुठनं ते.

आमच्या पेठांतल्या जुन्या घरांत सॉकेटला तिसरं भोक दिसतं, पण कित्येकदा मागं वायरच नसते. त्याहून वाईट म्हणजे न्यूट्रलचाच, करंट परत नेणाऱ्या वायरीचाच, तुकडा अर्थला जोडून दिलेला असतो. मागं कुठं न्यूट्रल तुटला, की शेगडीची अख्खी बॉडी 230 व्होल्टवर.

एमसीबी पडतो तो वायर वाचवायला. दीड स्क्वेअरच्या (दीड चौरस मिलिमीटरच्या) वायरीवर 32 अँपिअरचा घातला, तर 25 अँपिअर गेले तरी तो गप्प बसेल आणि भिंतीत आवरण वितळत राहील. माणसाला वाचवायचं काम त्याचं नव्हेच. अंगातून पन्नासेक मिलिअँपिअर गेले तरी जिवावर बेतू शकतं, त्याचा 16 अँपिअरच्या एमसीबीला पत्ताही लागत नाही. त्यासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाइन तोडणारा खटका, लागतो.

राहिला वायरमन. परवानाधारक बोलवा. मेन बोर्डापासून अडीच स्क्वेअरची तांब्याची स्वतंत्र लाइन, 16 अँपिअरचा सॉकेट, तिला स्वतःचा एमसीबी आणि खरीखुरी अर्थिंग, एवढंच काम आहे. 2019 आणि 2021 च्या पुरात ज्यांच्या घरात पाणी शिरलं होतं, त्यांनी जुने सॉकेट आणि जॉइंटही उघडून बघायला सांगावं. वरून वाळलेला बोर्ड आतून गंजलेला असू शकतो.

ओट्यात बसवायचा चार बर्नरचा विजेचा हॉब घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी. 7000 वॅटचा असेल तर 30 अँपिअर. तिथं प्लगचा प्रश्नच नाही, सहा स्क्वेअरची वायर थेट जोडायची, आणि त्या वायरीवर 32 चा एमसीबी योग्यच. पण त्याआधी लाइटबिलावरचा ‘मंजूर भार’ बघा. तो एक-दोन किलोवॅट असेल, तर हॉब घरी आणायच्या आधी महावितरणकडे अर्ज करून वाढवून घ्या.