बॅकअप आहे ना, डी मध्ये!

मंगळवारी सकाळी नेहमीप्रमाणे सीपीयूचं बटण दाबलं आणि चहा टाकायला आत गेलो. (त्या डब्याला सीपीयू म्हणायचं नसतं, सीपीयू म्हणजे आतली इवलीशी चिप, असं भाचा मला गेली बारा वर्षं सांगतोय. ठाण्याच्या नौपाड्यात डब्यालाच सीपीयू म्हणतात.) आमचं दोघांचं ठरलेलं आहे: माझा चहा, पेपर आणि शब्दकोडं होईपर्यंत त्याने सुरू व्हायचं. त्या दिवशी शब्दकोडं सुटलं, पण पडदा काळा तो काळाच. त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ: 'नो बूटेबल डिव्हाइस'.

हिने मागून वाकून वाचलं. "बूट मागतोय? दारात चपलांचा ढीग पडलाय, द्या एखादी."

भाच्याला फोन लावला. त्याने आधी त्या शब्दाची व्युत्पत्ती सांगितली. बूट म्हणजे बूटस्ट्रॅप, बुटाच्या मागची ओढायची पट्टी. ती धरून माणसाने स्वतःच स्वतःला वर उचलायचं, तसा संगणक आपला आपण उठतो. आधी एक बारका प्रोग्रॅम जागा होतो, तो डिस्कवरून मोठ्याला उठवतो, मोठा बाकीच्यांना. आमच्या घरात हे काम ही करते, आणि तिथेही शेवटच्या पायरीला अडतं.

"मामा, आतून आवाज येतोय का?"

कान लावला. टक्... टक्... टक्... मग जरा थांबून पुन्हा टक्. गडकरी रंगायतनला नाटकाच्या तिसऱ्या घंटेनंतरही मागच्या रांगेत कोणी पर्सची कळ उघडमीट करत असतं, अगदी तसा.

"बंद कर! आधी बटण बंद कर! पुन्हा चालू करून बघू नकोस!"

हे त्याने सांगेपर्यंत मी सात वेळा चालू करून बघितलं होतं.

आता ही घाई कशासाठी, ते सांगतो. मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागते. नोटीस चिकटवून झाली होती, सभा त्याच रविवारी होती, आणि बारा वर्षांचे हिशेब, इतिवृत्तं, थकबाकीच्या याद्या सगळं त्या टकटक करणाऱ्या डब्यात होतं. शिवाय बी-सातमध्ये नाना राहतात. नाना दर सभेला पहिल्या रांगेत बसतात, बगलेत फाईल घेऊन, आणि दरवर्षी एकच विषय काढतात: 2016 सालचा गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा ठराव.

"पण तू बॅकअप घेतला असशील ना?" भाच्याने विचारलं.

इथे मी ताठ झालो. माझी सगळी नोकरी ऑडिटमध्ये गेली. ज्याची दुसरी प्रत नाही तो कागदच नव्हे, या तत्त्वावर मी माणसं रडवलेली आहेत. "दर शनिवारी घेतो," मी म्हटलं. "सी ड्राइव्हमधलं सगळं डी ड्राइव्हमध्ये कॉपी करतो."

पलीकडे बराच वेळ शांतता.

"मामा, सी आणि डी एकाच डिस्कवर आहेत."

म्हणजे बारा वर्षं मी ज्याला शेजारचं घर समजत होतो, ते एकाच खोलीतलं प्लायवुडचं पार्टिशन निघालं. अलीकडे आग लागली तर सामान पलीकडे हलवायचं, अशी माझी योजना. आणि हे मी सोसायटीतल्या चारजणांना शिकवलेलंही होतं. त्यांना अजून बोललेलो नाही.

बातमी दुपारपर्यंत दोन्ही विंगांत पसरली. संगणक बंद पडला की प्रत्येकाला काहीतरी येत असतं. एकजण म्हणाले, बाजूने एक चापट मारा, आमचा टीव्ही तसाच चालायचा. दुसऱ्याने सांगितलं, डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. मी फ्रीजर उघडला, तर त्यात हिवाळ्यातला मटार. "तुमची डिस्क जगेल की नाही माहीत नाही," ही म्हणाली, "मटार बाहेर निघाला तर तुम्ही जगणार नाही." मटाराने डिस्क वाचवली म्हणायची. भाचा नंतर म्हणाला, गारठलेली डिस्क बाहेर काढली की आत दव धरतं आणि उरलीसुरली आशाही जाते.

बुधवारी स्टेशनजवळच्या एका दुकानात गेलो. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "फॉरमॅट मारून देतो काका, पाचशे."

"आणि फायली?"

"त्या जाणार."

फायली हव्या असतील तर क्लीन रूम लागेल, धुळीचा एक कण चालत नाही, खर्च पंधरा हजारांपासून पुढे, असं त्याने समजावलं. समजावताना तो कोणाच्या तरी उघड्या लॅपटॉपवर शेव-कुरमुरे खात होता. मी डबा उचलला.

गुरुवारी रिक्षाने भाच्याकडे. तो राहतो घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या पुढे. डबा सोलापुरी चादरीत गुंडाळून मांडीवर घेतला होता. कापूरबावडीला रिक्षावाल्याने आरशातून बघून विचारलं, "बाळ झोपलंय का?" मी हो म्हटलं. खरं सांगण्यात मानपाडा गेलं असतं. डिस्कच्या आतली तबकडी मिनिटाला 7200 वेळा फिरते, आणि वाचणारं हेड तिच्यावरून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगतं. आपल्या डोक्यावरचा केस साधारण 80,000 नॅनोमीटर जाड असतो. हे मला भाच्याने फोनवर सांगितलेलं, आणि इकडे मेट्रोच्या खांबांखाली रिक्षा दर दहा फुटांना वीतभर उडत होती. प्रत्येक खड्ड्याला माझ्या डोळ्यांसमोरून एकेक आर्थिक वर्ष पुसलं जात होतं.

"काही होत नाही," पोचल्यावर भाचा म्हणाला. "डिस्क बंद असली की हेड बाजूला पार्क असतं."

ठाण्यात हक्काचं पार्किंग असलेलं दुसरं काही माझ्या पाहण्यात नाही.

त्याने चार स्क्रू काढून डिस्क बाहेर घेतली. एवढीशी, वहीच्या अर्ध्या पानाची. तिला एक वायर लावून ती आपल्या लॅपटॉपला जोडली, तर लॅपटॉपने अदबीने विचारलं, ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची आहे का? माझा हात आपोआप पुढे गेला. नोकरीत कोणी विचारलं की 'हो' म्हणायची सवय. भाच्याने तो वरच्या वर धरला.

मग त्याने विंडोजऐवजी पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं, शेजारी एक टेराबाइटची कोरी डिस्क जोडली आणि बिघडलेल्या डिस्कवरचं उतरवून घेणारा डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्रॅम लावला. पडद्यावर नुसते आकडे. पण तो कसा चालतो हे ऐकलं आणि मला गहिवरून आलं, कारण ती निव्वळ मेंटेनन्सची वसुली होती. पहिल्या फेरीत जे सरळ देतात त्यांच्याकडून घ्यायचं. जो सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा बारका कप्पा, अडला, त्याच्या दारात घुटमळायचं नाही, पुढच्याकडे जायचं. सगळी बिल्डिंग झाली की मग थकबाकीदारांकडे दुसरी फेरी, तिसरी फेरी, थोडं थोडं करून. आणि कोणी किती दिलं याची नोंद एका वेगळ्या फाइलीत, म्हणजे मध्येच खंड पडला तरी तिथूनच पुढे. खंड पडलाही. रात्री लाइट गेले, डिस्क गप्प झाली, तासाभराने आले तेव्हा तो पठ्ठ्या सोडलेल्या दारापासून पुढे चालू लागला. असा एक माणूस आम्हाला क्लार्क म्हणून मिळाला असता तर!

पहिल्या चार तासांत 98 टक्के आलं. उरलेल्या दोन टक्क्यांना दीड दिवस लागला. हे प्रमाणही ओळखीचं वाटलं.

मध्यंतरी माझ्यातला ऑडिटर जागा झाला. बिलावर डिस्क 500 जीबीची, मग संगणक नेहमी 465 का दाखवायचा? 35 जीबी कोणी खाल्ले? भाचा म्हणाला, खाल्ले नाहीत, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज 1024 ने. हे मला चटकन कळलं. बिल्ट-अप 500, कार्पेट 465.

शनिवारी दुपारी फायली उघडल्या. इतिवृत्तांत मराठीचं अक्षर नाही. नुसते डॉलर, कंस, चांदण्या. युनिकोडच्या, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठी मराठीच दिसायला लागायच्या, आधीचा जुना फॉन्ट, तो नसला की 'सर्वानुमते मंजूर' हे शिवीसारखं दिसतं. सुदैवाने फॉन्टची फाइलही त्याच डिस्कवरून वाचली होती. ती बसवल्याबरोबर डॉलरांचे मान्यवर सभासद झाले. सगळं मिळालं. हिशेब मिळाले, याद्या मिळाल्या, हिची हळदीकुंकवाची 2014 ची यादीसुद्धा मिळाली.

एकच फाइल उघडेना. त्या अडलेल्या सेक्टरांपैकी काही तिच्या सी आणि डी मधल्या दोन्ही प्रतींच्या वाट्याला आले होते. वर्ष 2016.

तुम्ही म्हणाल, छापील इतिवृत्त पुस्तकात असेल की. होतं. सोसायटीच्या कपाटात वरच्या खणात होतं, आणि वॉटरप्रूफिंगचा ठराव झाला त्याच पावसाळ्यात, काम सुरू व्हायच्या आत, गच्चीतून गळलेल्या पाण्याने त्या पुस्तकाचा लगदा झाला. पुढची वर्षं मी "कंप्युटरात आहे" एवढ्यावर काढली.

शनिवारी रात्री साडेनऊला बी-सातची बेल वाजवली. नानांनी दार उघडलं, चष्म्यावरून पाहिलं. मी जमेल तेवढ्या हळू आवाजात विचारलं. नाना काही बोलले नाहीत. आत गेले, दिवाणाखालची पत्र्याची ट्रंक ओढली. त्यात सालवार फायली, प्रत्येकीला नाडी. माझ्या सहीचा प्रत्येक कागद, प्रत्येक नोटीस, प्रत्येक ठराव, बारा वर्षांचा, क्रमाने लावलेला. 2016 च्या समासात लाल शाईने लिहिलं होतं: 'सेक्रेटरींचे उत्तर असमाधानकारक.'

"झेरॉक्स काढून मूळ परत आणून द्या," नाना म्हणाले. कोपऱ्यावरच्या दुकानाचं शटर अर्धं खाली आलं होतं, मी खालून वाकून आत शिरलो.

रविवारी सभेत 2016 चा ठराव मी खणखणीत वाचून दाखवला. समासातलं तेवढं गाळलं. वाचून संपलं तसे पहिल्या रांगेतून नाना उठले.

"अध्यक्षमहाराज, सेक्रेटरीसाहेबांनी आत्ता जे वाचलं ती झेरॉक्स आहे," ते म्हणाले. "मूळ प्रत सभेपुढे ठेवावी."